न निघालेला धूर

रुकीचं पाणी काळं.
मळलेलं नव्हे, काळं. बिनदुधाचा चहा
चुलीवर विसरून जावा, तसं.
बोलुम्बू ओंजळीत घेते तेव्हा तांबूस होतं,
आणि घशाखाली गेलं की नुसतं पाणी.

आज तिला बोलायचे पैसे मिळणार आहेत,
म्हणजे दुसऱ्यांचं बोलायचे.
मोटारबोटीतून उतरलेल्या तिघांची फ्रेंच
ती लिंगालात आणेल,
आणि ज्यांचं लिंगाला बाजारापुरतंच
त्यांच्यासाठी पुढे लोमोंगोत.
तोवर निम्मं वाक्य सांडलेलं असतं
भोक पडलेल्या डब्यातून सांडावं तसं.

गावाला भाषांची सवय आहे.
मासळीचा भाव एकीत, शिव्या दुसरीत,
पावती तिसरीत.
रडणं मात्र अजून आईच्याच.

पावत्या पुष्कळ झाल्या.
आधी रबर नेलं. ते सांगताना
म्हातारे क्रियापद गिळतात.
मग कोपाल: दलदलीत कमरेइतकं उतरायचं,
भाल्याने चिखल टोचत राहायचं,
टक् वाजलं की हात घालायचा.
झाडाचं जुनं रडं, पिवळं, दगड झालेलं.
दूरदेशी त्याने कपाटं चमकायची.
बोलुम्बूच्या आजीच्या बहिणीला तो टक्
म्हातारपणी झोपेतही ऐकू यायचा,
आणि तिचा हात गोधडीत काहीतरी शोधायचा.
मग वेंगे. बुंध्यावर पांढरा आकडा,
दहा-दहा खोडं बांधून नदीनेच खाली.

आता आलेले हे तिघं
काही न्यायला आलेच नाहीत म्हणे.
नेमकं हेच तिला सांगता येत नाहीये.
"जंगल आहे तसं ठेवा. दलदल आहे तशी ठेवा.
खालच्या काळ्या मातीतला कार्बन आम्ही विकत घेऊ
आणि तिथेच ठेवू."

कार्बन. ती अडते.
जवळचा शब्द एकच, मकाला. कोळसा.
"तुमचा कोळसा घेताहेत," ती म्हणते,
"जो तुम्ही केलेलाच नाही."
लोक एकमेकांकडे बघतात.
मासे धुरावणारी एकोंबे विचारते,
"पोती आपली की त्यांची?"

आणि पैसे?
लोबी.
लोबी म्हणजे उद्या. लोबी म्हणजे कालसुद्धा.
कुठला ते क्रियापद सांगतं,
आणि बोलुम्बू आज क्रियापद खाऊन टाकते,
मुद्दाम की दमून, मला नाही ठरवता आलं.
मागून कुणीतरी ओरडतं, "मग खर्चही झाले असतील!"
हशा. तिघंही हसतात, काय झालं ते न कळता.

खालच्या गावाला कळवायचंय. फोनला रेंज नाही.
इफासो पोकळ खोडाचा लोकोले उन्हात ओढतो.
त्याला आवाज दोनच, एक उंच, एक खोल.
दोन आवाजांत सगळे शब्द भावंडांसारखे दिसतात,
म्हणून प्रत्येकाला लांब शेपूट लावावं लागतं,
चंद्रालाही, मेलेल्यालाही.

"हा तुमचा कार्बन," इफासो विचारतो,
"करतो काय? चावतो? ओरडतो? कुणाचा कोण?"

बोलुम्बू पाण्याकडे बघत राहते.
फ्रेंच बाजूला ठेवते, लिंगालाही.
मग त्याच्या कानाशी वाकून
आईच्या भाषेत काहीतरी सांगते,
आणि तो दोन्ही काठ्या उचलतो:

न तोडलेल्या झाडाचा
न निघालेला धूर,
आपल्या पायाखाली झोपलाय,
त्याला उठवू नका.

दोनदा. मग हात थांबतात.
एक धनेश पंख वाजवत नदी ओलांडून जातो.
बराच वेळ काही नाही.
मग खालच्या वळणापलीकडून, बारीक,
ओल्या लाकडाचा आवाज येतो.

"काय म्हणतात?" तिघांतला एक विचारतो.
पेन उघडलेलं.

ते विचारताहेत,
झोपलेल्याला विकला कुणी?

"पोचलं म्हणतात," बोलुम्बू फ्रेंचमध्ये सांगते,
आणि आपल्या पैशांसाठी हात पुढे करते.